वरच्या मजल्यावरचं खळं

अलेक्झांड्रिया सोडलं की रस्ता पोटोमॅकच्या काठाकाठानं माउंट व्हर्ननला पोचतो. जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाड्यापुढे रांग होती. मी तिथं फार रेंगाळलो नाही. उतारानं थेट नदीकाठच्या शेतात गेलो. मला पाहायचं होतं त्याचं मळणीचं कोठार.

लांबून ते गोल वाटतं, जवळ गेल्यावर एकेक कोन उलगडत जातो. सोळा बाजू! खाली लाल विटा, वर लाकूड, त्यावर शंकूसारखं उतरतं छप्पर. घोड्याला फिरायला वर्तुळ हवं, सुताराला सरळ तुळई हवी. दोघांचंही भागवणारा हा तोडगा मला फार देखणा वाटला.

वॉशिंग्टननं 1760च्या दशकात तंबाखू सोडून गव्हाची कास धरली. आपल्याकडे तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तशी तिथं उघड्यावर घोड्यांकडून मळणी होई. दाण्यांत माती आणि लीद मिसळे, वर पावसाची धास्ती. म्हणून त्यानं आधी याच इस्टेटीतल्या युनियन फार्मवर विटांचं मोठं कोठार बांधलं. आराखडा इंग्लंडचा शेतीतज्ज्ञ आर्थर यंग याच्याकडून आलेला. तीस माणसांनी आत गहू झोडपावा, अशी ऐसपैस सोय. पण घरी येऊन बघतो तर काय, कोठाराच्या दारापासून तीस फुटांवर खळं केलेलं आणि आतला गहू बाहेर काढून घोड्यांच्या पायाखाली घातलेला!

मग त्यानं खळंच छपराखाली घेतलं, तेही वरच्या मजल्यावर. मातीच्या चढणीवरून घोडे वर येतात. तिथल्या जमिनीत फळ्याफळ्यांमध्ये सुमारे दीड इंचाची फट आहे. मी वाकून बोटं घालून पाहिली, सहज गेली. घोडे दुडक्या चालीनं फिरतात, दाणा फटीतून खाली विटांच्या मजल्यात पडतो, पेंढा वरच राहतो. लोकांची सवय मोडण्याऐवजी तिच्याभोवती इमारत रचणारा हा माणूस मला इथं सेनापतीपेक्षा मोठा वाटला.

हे सगळं त्यानं राष्ट्राध्यक्षपद सांभाळत, फिलाडेल्फियातून पत्रं धाडून करवून घेतलं. खालच्या मजल्याला विटा किती लागतील, तर 30,820, इतका काटेकोर हिशेब. 1795मध्ये डोग रन फार्मवर काम पुरं झालं. मूळ वास्तू पुढे कोसळली. आज दिसते ती त्याची रेखाटनं आणि 1870च्या दशकातलं एक छायाचित्र यांवरून 1996मध्ये दुसऱ्या जागी उभारलेली.

हिशेब वॉशिंग्टनचा असला, तरी तुळया तासणारे आणि घोडे हाकणारे हात गुलामांचे होते. तो 1799मध्ये वारला तेव्हा या इस्टेटीवर 317 गुलाम होते. या कोठाराचं कौतुक करताना त्यांना वगळून मला पुढे जाता येत नाही.