कुणी विचारत नाही

मुलांनो, थंडी वाजली की तुम्ही काय करता? गोधडीत शिरता, नाहीतर शेकोटीपाशी पळता. खरं ना?

इंग्लंडमध्ये मात्र अख्खं घरच तापवावं लागतं. गॅसवर पाणी तापवून ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतात. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि गॅस भलताच महागला. माझी मावशी तिकडे असते. त्या हिवाळ्यात ती फोनवर म्हणाली, "अगं, बिलाच्या धास्तीने घर थंडच ठेवते. दुपारभर वाचनालयात जाऊन बसते."

तिथल्या अनेक नगरपालिकांनी उबदार वाचनालयं सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. बिलासाठी पैशांची मदतही मिळे. पण अर्ज करायची मावशीला लाज वाटे. "इथे बरं आहे. पुस्तक उघडायचं नि बसायचं. का आलात, असं कुणी विचारत नाही!"

हे ऐकून मी चपापले. कालच मी वर्गात नावं पुकारून स्वेटर वाटले होते. एक मुलगी जागची उठलीच नाही. "मला थंडी नाही वाजत, बाई," म्हणाली. दात तर कडकडा वाजत होते!

दुसऱ्या दिवशी उरलेले स्वेटर मी वर्गातल्या कपाटात ठेवले. कपाटाला कुलूप लावलं नाही. "ज्याला हवा त्याने घ्यावा," एवढंच सांगितलं.

शनिवारी सकाळच्या शाळेला ती आली, ती लाल स्वेटर घालून. मी फळ्याकडे वळले. काही म्हणजे काही विचारलं नाही.

तुम्हीसुद्धा कुणाला काही द्याल ना, तेव्हा एवढं लक्षात ठेवाल?