निघायचं कुणी ठरवायचं?

महाडला आषाढ लागला की माणसं एकमेकांना दोन गोष्टी विचारतात. महाबळेश्वरला किती झाला? आणि आज तिथी कोणती? सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतून उतरते, महाडपाशी गांधारी आणि काळ यांचं पाणी पोटात घेते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. त्याच खाडीतून उलट भरतीही वर चढत येते. डोंगरावरचं पाणी आणि समुद्राचं उधाण यांची वेळ एकच आली, की बाजारपेठ पाण्याखाली गेलीच म्हणून समजावं. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस, आणि महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलीमीटर पाऊस कोसळला.

पुराची म्हणून एक शहाणीव या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. पाणी पायरीला लागायच्या आत आधी काय उचलायचं, हे इथल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. आधी धान्य आणि पीठमीठ पोटमाळ्यावर, मग गाद्या, मग मुलांची दप्तरं. गॅसचा सिलिंडर दोरीने बांधायचा, नाहीतर तो तरंगत जाऊन कुठेही आदळतो. पिण्याचं पाणी आधीच भरून वर न्यायचं, कारण चहूकडे पाणी असतं तेव्हा प्यायला घोटभर मिळत नाही. आणि सगळ्यात मोठं कसब पूर ओसरताना लागतं. पाणी घोट्यापर्यंत आलं, की रात्र असो की पहाट, घरातली सगळी माणसं खराटे आणि फळ्या घेऊन उभी राहतात आणि उतरत्या पाण्याबरोबरच गाळ बाहेर लोटतात. तेवढी घटका चुकली तर गाळ बसतो, सुकतो, आणि मग फावड्यालाही दाद देत नाही. हे ज्याने एकदा केलं आहे त्याच्या हातांना ते जन्मभर आठवतं.

डोंगराचं तसं नाही. नदी पायरी पायरी चढते, दरड एका श्वासात येते. त्याच २२ जुलैला दुपार कलल्यावर महाड तालुक्यातल्या तळीये गावची कोंडाळकरवाडी मातीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही डोंगर खाली आला. सोळा वर्षांपूर्वी, २००५ च्या जुलैत, जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या महाडच्याच गावांनी हे भोगलं होतं. तेव्हा दीडशेहून अधिक माणसं गेली होती. तळीयेला मदत निघाली तर खाली महाड बुडालेलं, रस्ते तुटलेले, फोन बंद. बाहेरची पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर माती उपसली ती आसपासच्या माणसांनी, हाताला येईल त्या अवजाराने.

आता पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडला आधीच येऊन थांबते. ही मोठीच सोय झाली. तरीही घाटातला रस्ता खचला तर वरच्या वाडीची पहिली रात्र वाडीलाच काढायची आहे.

आणि वाडीत त्या रात्री असतं कोण? कर्ती माणसं मुंबईला, पुण्याला, सुरतेला. घरी म्हातारी, सून, शाळकरी पोरं, गोठ्यात दोन गुरं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला माझ्या मावशीचं घर आहे, मागे लगेच चढ. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, अंगणात नवी भेग पडली, दार चौकटीत अडकायला लागलं, विजेचा खांब कलला, तर डोंगर हलतो आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. भूवैज्ञानिकही हेच सांगतात. मी तिला विचारलं, असं काही दिसलं तर काय करशील?

"मुंबैला फोन करीन. आमचा बाबू काय म्हणतो ते बघीन."

"आणि फोन लागला नाही तर?"

तिने सुपातले तांदूळ दोनदा पाखडले. मग म्हणाली, "सासऱ्यांना पाठीवर घेऊन रातचं निघायचं, आणि सकाळी घर तसंच उभं दिसलं, तर वाडी काय म्हणेल रे?"

आपत्तीच्या तयारीवर मी पुष्कळ ऐकलं आहे, पण खरा अडसर मला तिच्या ओटीवर समजला. तिला माहिती पुरेशी होती. तिच्याकडे अधिकार नव्हता. आयुष्यभर घरातला प्रत्येक मोठा निर्णय दुसऱ्याने घेतलेला, आणि जिवावरचा निर्णय मात्र तिने एकटीने, अंधारात, मिनिटभरात घ्यावा, अशी आपली अपेक्षा असते. असा निर्णय घेणारी माणसं असतातही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा जवळच्या एका गॅरेजवाल्याने रस्त्यावर येऊन मागच्या गाड्या अडवल्या. त्याला कुणाला विचारायला वेळच नव्हता. मावशीला मात्र विचारल्याशिवाय पाऊल टाकायची सवयच नाही.

म्हणून मुंबईतल्या माझ्या गाववाल्यांना कळकळीची विनंती आहे. मे महिन्यात गावी जाल तेव्हा सातबारा, रेशनकार्ड, म्हाताऱ्यांच्या गोळ्या आणि बॅटरी एका पिशवीत घालून खुंटीला लावा. कुठल्या घरी जायचं ते ठरवा, आणि ते घरही चढाखाली नाही ना, हे स्वतः चालत जाऊन पाहा. आजोबांना उचलायला शेजारचं कोण येईल आणि गुरांची दावी कोण सोडेल, हे त्यांच्याशीच बोलून ठेवा. संततधार लागली तर उजेड आहे तोवरच निघायचं, हेही ठरवून टाका. आणि वाडीतल्या चार माणसांदेखत आईला सांगा: तुला वाटलं की निघ, आम्हाला विचारायला थांबू नकोस, सकाळी घर जागच्या जागी असलं, तरी तुला कुणी एका शब्दाने बोलणार नाही.