हा सिनेमा इतकी वर्षं होता कुठं?

'माजान होरोकी' हे नाव ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. परवा खडकीत घरी बसून पाहिला आणि तेव्हापासून भेटेल त्याला धरून सांगत सुटलेय! १९८४चा जपानी सिनेमा, अख्खा कृष्णधवल, आणि विषय काय, तर माहजाँगचा जुगार!

आमच्या खडकीला माहजाँग तसं परकं नाही. फौजी वस्ती, अधिकाऱ्यांच्या बायकांचे डाव रंगतात. खेळ रमीच्या जवळचा. हातात १३ सोंगट्या, एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जमली की डाव लागला. तुम्हाला एवढं कळलं तरी बस!

काळ १९४५ नंतरचा, टोकियो बेचिराख. पोरसवदा तेत्सू (हिरोयुकी सानादा, हो, 'शोगन'मधला तोराना​गाच!) जुगाराच्या नादी लागतो आणि म्हाताऱ्या देमेतोकूच्या तालमीत पडतो. काय रंगवलाय हा म्हातारा काकू ताकाशिनानं! दोघांची लबाडी तर बघत राहावी. सोंगट्यांची भिंत रचतानाच हव्या त्या सोंगट्या हव्या तिथं लावायच्या. मग फासे. आधी एकानं, मग दुसऱ्यानं, दोन्ही वेळा दोनचंच दान पाडायचं. पडलं की वाटपातच पुरा डाव हातात! त्या बोटांकडं बघताना मी श्वास घ्यायची विसरले.

आणि तो दोसा केन! ताकेशी कागा. पैसे संपले तर पठ्ठ्या प्रेयसीलाच, मायुमीलाच गहाण टाकतो. आपल्याला द्यूतसभा आठवणारच; पण इथं वस्त्रं पुरवायला कुणी कृष्ण येत नाही.

दिग्दर्शक माकोतो वादा मुळात चित्रकार, आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा! मूळ कादंबरी तेत्सुया असादाची. हा गडी तरुणपणी स्वतः जुगारी; पुढं ताकेहिरो इरोकावा या खऱ्या नावानं लिहून नाओकी पुरस्कारही मिळवला. म्हणूनच असेल, उपदेश औषधालाही नाही. आपल्या पडद्यावरचा जुगारी शेवटी सुधारतो तरी, नाहीतर बायकोच्या पायाशी रडतो तरी. इथं कुणी सुधारत नाही, आणि तरी एकेकावर जीव जडतो. मेला तो हरला, एवढाच त्यांचा न्याय! तो कसा अमलात येतो, ते मी सांगणार नाही.

सबटायटल्सवाली प्रत शोधा, रमीवाले चौघं जमवा आणि बघाच. मग या माझ्याशी भांडायला: देमेतोकू भारी की केन?