दादरची भाजी, विरारची नोंद

टी.वाय.बी.ए.च्या प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला होता वसई-विरारमधला किरकोळ व्यापार आणि रोजगार. सरांची अट एकच, आकडे सरकारी हवेत. बातम्यांतले चालणार नाहीत.

शोधायला बसलो आणि आधी जिल्हाच हरवला. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. जनगणना २०११ची, सहावी आर्थिक गणना २०१३-१४ची. दोन्हींत आम्ही ठाणेकर. महापालिका २००९मध्येच झाल्यामुळे शहराची लोकसंख्या तरी मिळते, बारा लाखांहून थोडी जास्त. सातव्या आर्थिक गणनेचं काम २०१९ला सुरू झालं खरं, पण तिचे निकाल काही हाती लागले नाहीत.

मित्र म्हणाला, गुमास्ता लायसन्सं मोज. पण २०१७च्या कायद्याने तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीच लागत नव्हती, नुसतं कळवलं की झालं. नालासोपारा स्टेशनबाहेर दहा नोकरांचं दुकान शोधून दाखवा!

मग श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस. त्याच्या साप्ताहिक व्याख्येत आठवड्यात तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात. बापाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसणारा, पगार न घेणारा मुलगाही त्यात येतो. व्याख्या जगभर साधारण अशीच आहे, तक्रार नाही. पण तक्त्यातला ‘रोजगार’ आणि आमच्या चाळीतला ‘कामाला लागला’ यांत बरंच अंतर आहे.

खरा घोळ पुढेच. हे सर्वेक्षण घरी येऊन विचारतं, आर्थिक गणना धंद्याच्या जागी जाते. बोरिवलीच्या मॉलमध्ये काउंटरवर उभी राहणारी विरारची मुलगी एकात विरारची, दुसरीत बोरिवलीची. एका तक्त्याला दुसऱ्याने भागून टक्केवारी काढली, तर ती कुठल्याच गावाची नसते. त्यातही ज्यांच्या धंद्याला पक्की जागा नाही, त्यांना आर्थिक गणना राहत्या घरी मोजते.

आमच्या आळीतल्या मावशी पहाटेची लोकल धरून दादरला भाजी विकतात. त्यांना हे समजावून सांगितलं.

“म्हणजे दादरला मी नाहीच?”

“हिशेबात नाही, मावशी. तुमचा धंदा विरारचा.”

“मग महापालिकेची गाडी आली की पाटी उचलून पळते ती कोण रे?”

प्रोजेक्टमध्ये यावर पानभर लिहिलं. दुकानांची संख्या दिलीच नाही. त्याऐवजी २०११च्या जनगणनेतला घर ते कामाचं अंतर आणि प्रवासाचं साधन सांगणारा तक्ता घेतला. त्यातही शेती आणि घरगुती उद्योगातले कामगार धरलेले नाहीत, ते टिपेत लिहिलं. वर मथळा दिला, ‘ठाणे जिल्हा (पालघर वेगळा होण्यापूर्वीचा)’. सरांनी कंस तेवढा लाल शाईने अधोरेखित केला आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच विचारला.