धर्मशिक्षिकेची वही



गेल्या पावसाळ्यात बालाघाटजवळच्या आमच्या एका वस्तीतील धर्मशिक्षिकेने आपली वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. “फादर, आता दुसऱ्या कोणाले पाहा. माझ्याच्यानं नाही होत,” असे त्या म्हणाल्या. चार वर्षे या बाईंनी दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर घराच्या ओसरीत अकरा मुलांना धर्मशिक्षण दिले होते. वेतन नाही, मानधन नाही. धानाच्या रोवणीने कंबर मोडलेली असली तरी खाडा नाही. मला आश्चर्य वाटले आणि, खरे सांगावयाचे तर, थोडा रागही आला.

कारण हळूहळू बाहेर पडले. वर्गातील एका नऊ वर्षांच्या मुलाचे आजोबा वारले होते. आईचे वडील, ते ख्रिस्ती नव्हते. मुलाने विचारले, “बाई, माझे आजोबा कुठे गेले?” बाईंनी वही उघडली. तीत बाप्तिस्म्याच्या आवश्यकतेविषयी एक वाक्य होते, ते त्यांनी वाचून दाखविले. मुलगा रडत घरी गेला. पुढल्या रविवारी तो आला नाही, आणि त्याच्या आईने बाईंशी बोलणे टाकले.

ते वाक्य माझे होते. धर्मशिक्षकांच्या शिबिरात मीच ते फळ्यावर लिहून दिले होते. खोटे नव्हते, परंतु अर्धे होते. ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताचे शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध करतात आणि त्याच्या कृपेने सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून वागतात, तेही तारणास पोहोचू शकतात, असे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेवरील आपल्या दस्तऐवजात शिकविले आहे. सेमिनरीत मी हे परीक्षेत लिहिले होते. शिबिरात मात्र जेवणाची घंटा झाली आणि उरलेले अर्धे राहून गेले.

जेथे धर्मगुरू थोडे, तेथे प्रापंचिकांनी धर्मशिक्षणास हातभार लावावा, असे पोप दहावे पायस यांनी १९०५ सालीच सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेत रीतसर स्थान दिले आणि या सेवकांना योग्य शिक्षण मिळावे असेही बजावले. आम्ही शिक्षण देतो ते कसे? वर्षातून एक दिवस, फळा, खडू आणि डाळभात. मग वर्षभर त्या बिचाऱ्या एकट्या. त्या चार वर्षांत मी एकदाही त्या ओसरीत जाऊन बसलो नव्हतो.

बसलो असतो तर इतरही पुष्कळ काही कळले असते. आमच्या मुलांची शाळा हिंदीत, घर मराठीत, आणि प्रार्थना अर्ध्या या भाषेत, अर्ध्या त्या. ‘तारण’ म्हणजे काय, असे बाईंनी एकदा विचारले, तेव्हा एक मुलगी म्हणाली होती, “कर्जासाठी सोसायटीत शेत ठेवतात ते.” बाईंनी तेथूनच धागा पकडून गहाण पडलेले शेत सोडविणाऱ्या बापाची गोष्ट सांगितली. माझ्या फळ्यावर अशी गोष्ट कधी आली नव्हती!

त्याच सायंकाळी बाईंना बरोबर घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेलो. चूक माझी, बाईंची नव्हे, असे त्याच्या आईला सांगितले. आजोबांचे अंतःकरण देव जाणतो आणि त्याच्या दयेवर आपण भरवसा ठेवावा, असे मुलाला सांगितले. आई काही बोलली नाही, पण चहा ठेवला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धर्मशिक्षक एकत्र बसतात. मुलांनी काय काय विचारले, हे आधी. माझे बोलणे मागाहून. वहीचे डावे पान मुलांच्या प्रश्नांसाठी कोरे ठेवावयाचे, असे ठरले आहे.

बाई परत आल्या, पण पहिल्या दिवशी मी ओसरीत हजर असावे या अटीवर. मी मागे चटईवर बसलो. त्याच मुलाने हात वर केला. “बाई, आजोबांसाठी मिस्सा अर्पण करता येते का?” बाईंनी डाव्या पानावर प्रश्न लिहून घेतला. “हे मले ठाऊक नाही, बाळा. फादरले विचारून पुढल्या रविवारी सांगतो.”

चार हातांवर बसलेला मी गप्प राहिलो. उत्तर पुढल्या रविवारी बाईंनीच दिले, आणि त्या महिन्यात आजोबांसाठी मिस्सा झाली.