सोलापूरची वाट आणि ५०० ग्रॅमचा हिशेब

सिद्धेश्वर एक्सप्रेसमधून सोलापूर स्थानकात उतरलो, तेव्हा माझ्या पुतण्याच्या पिशवीत दोनच अवजारे होती : मोजपट्टीची फीत आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा. गेल्या दिवाळीत हा काटा आम्हांला सुचला नव्हता. ऑनलाइन विकण्यासाठी त्याने एका व्यापाऱ्याकडून २०० चादरी भरल्या. भाव उत्तम मिळाला. पण जाड चादर बांधल्यावर दोन किलोंच्या घरात गेली आणि नफा कुरिअरने खाल्ला. परत आलेल्या चादरींचे दोन्ही बाजूंचे भाडे आमच्याच माथी बसले. त्यांतल्या चाळीसएक अजून माळ्यावर आहेत. भांडवल वहिनींच्या बचतीचे होते, म्हणून यंदा मी बरोबर निघालो.

वालचंद हिराचंदांचे हे जन्मगाव व्यापाऱ्याने पायी पाहावे असे आहे. शहराच्या पूर्व भागात शिरताच यंत्रमागांची खडखड सुरू होते. पद्मशाली विणकरांच्या कित्येक पिढ्या येथे स्थिरावल्या. गल्लीतले तेलुगू बोलणे सहज मराठीत मिसळते. टेरी टॉवेलच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एक घट्ट, पाया विणणारा. दुसरा सैल, त्याच्या सुतातून टॉवेलचे फासे उभे राहतात. फासे जितके उंच व दाट, तितका टॉवेल जड.

कारखानदाराने दोन नमुने पुढे टाकले. पुतण्याचा हात अर्थातच जाड टॉवेलकडे गेला. मी काटा काढला. ३० बाय ६० इंचांच्या टॉवेलचे क्षेत्रफळ सुमारे १.१६ चौरस मीटर. चौरस मीटरला ४०० ग्रॅमची वीण असेल तर टॉवेल ४६५ ग्रॅम भरतो. ४५० ची असेल तर ५२३. कुरिअरचा पहिला टप्पा बहुधा ५०० ग्रॅमचा. हलका टॉवेल पाकिटासह त्यात बसतो. जाड टॉवेल प्रत्येक पार्सलला पुढच्या टप्प्याचे भाडे मागतो.

आणि काटा अर्धेच सांगतो. पुष्कळ कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि जे वजन अधिक भरेल त्याचे भाडे घेतात. ३० बाय २५ बाय ५ ची सैल घडी ७५० ग्रॅमची ठरते; तीच दाबून ३ सेंटिमीटर उंचीची केली की ४५० ची.

दुपारी एक दलाल भेटला. परगावच्या स्वस्त चादरी, वर ‘सोलापुरी’ लेबल शिवून देतो म्हणाला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे त्यालाही ठाऊक होतेच.

“काका, ऑनलाइन कोण पाहतं?” पुतण्या हळूच म्हणाला.

“परत पाठवणारा पाहतो,” मी म्हणालो. माळ्यावरच्या चादरी त्याला आठवल्या असाव्यात. तो पुढे बोलला नाही.

कारखान्यात परतून ओला पांढरा रुमाल प्रत्येक रंगावर घासला. मरून रंगाने रुमाल गुलाबी केला. तो गठ्ठा बाजूला ठेवला. दोन रंगांत मिळून ६० टॉवेल रोखीने घेतले.

“एवढेच, शेठ?” कारखानदाराने विचारले.

“हे गेले की फोन करतो,” उत्तर पुतण्याने दिले.

परतीची गाडी रात्रीची होती. तोवर तो लॉजच्या खाटेवर एकच टॉवेल पुनःपुन्हा घडी घालून फितीने मोजत बसला होता.