गव्हाची चौकशी

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या आमच्या नगर जिल्ह्यात, ज्याचे सरकारदफ्तरी नाव आता अहिल्यानगर झाले आहे, धान्यांचेही मानपान ठरलेले असत. पारनेर-पाथर्डीच्या मुरमाड रानातली बाजरी, कर्जत-जामखेडकडची शाळू आणि अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातली नागली ही रोजची चाकरी बजावणारी धान्ये. गहू मात्र एखाद्या इनामदाराच्या थाटात सणावाराला, नाहीतर जावई आला म्हणजेच घरात शिरे. पुढे १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी पाटांतून प्रवराकाठी खेळले, १९५६ नंतर अमेरिकेचा गहू शिधावाटपाच्या दुकानांत उतरला, आणि पाहुणा म्हणून येणारे हे धान्य दोन पिढ्यांत घरचा कारभार पाहू लागले. मानकऱ्यावर सहसा कोणी संशय घेत नाही. आणि ज्या व्याधीविषयी मी लिहीत आहे तिला आमच्या घरात इतकी वर्षे आसरा मिळाला तो याच रिवाजामुळे.

माझी एक भाची वाढत्या वयात फिकुटली. पोट फुगलेले, शौचाला वरचेवर पातळ, उंची वर्गातल्या मुलींच्या मागे पडलेली, आणि लोहाच्या गोळ्यांचा रतीब चालू असूनही रक्त काही वाढेना. कोणी जंतांवर बोट ठेवले, कोणी दृष्टीवर. 'खाल्लेले अंगी लागत नाही' हे मात्र सगळेच म्हणत, आणि नकळत तेवढेच खरे बोलत. बाजरी उष्ण पडते या समजुतीने तिची भाकरी बंद करून आईने तिला पोळी दुधात कुस्करून देण्यास आरंभ केला, म्हणजे ज्याच्यामुळे दुखणे होते तेच पथ्य म्हणून तिच्या ताटात, तेही अत्यंत वात्सल्याने, पडू लागले.

सिलिअ‍ॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्याधीत गहू, जव आणि राय यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनाविरुद्ध देहाची संरक्षक यंत्रणाच बंड करते, लहान आतड्याच्या अस्तरावरील, अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झडून सपाट होतात, आणि मग लोहाच्या गोळ्याही वाया जातात. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या रोगाचे वर्णन करून उपाय आहारातच सापडेल असे म्हटले होते. परंतु दोषी धान्य कोणते, हे सिद्ध करण्याचे श्रेय विलेम डिके या डच बालवैद्याकडे जाते. त्यांचा संशय जुनाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडात पाव दुर्मीळ झाला असता त्याला बळकटी आली, आणि १९५० साली त्यांनी तो प्रबंधरूपाने मांडला. तिकडे टंचाईने गहू हिरावला तेव्हा रोग ओळखू आला. आमच्याकडे टंचाईनेच गहू घरोघर पोचवला. भारतातील एका पाहणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, उत्तरेकडील प्रौढांत या रोगाचे प्रमाण शेकडा १.२३ आणि दक्षिणेकडे अवघे ०.१० आढळले, आनुवंशिक प्रवणता दोहींकडे जवळपास सारखीच, तफावत होती ती मुख्यत्वे गव्हाच्या सेवनात. तेव्हा 'हा उत्तरेकडचा आजार' असे म्हणून भाकरीच्या मुलखाने निर्धास्त राहावे, असे दिवस आता उरलेले नाहीत.

गव्हाचे नाव निघताच भाचीच्या आईने पिठाचा डबा उचलून ठेवला, तो डॉक्टरांनी परत खाली काढावयास लावला. "अहवाल हाती येईपर्यंत पोळी चालू ठेवा, ताई," असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे कठोर वाटले तरी यथार्थ होते. रक्तातील टीटीजी प्रतिपिंडे आणि एकूण आयजीए यांची तपासणी, नंतर दुर्बिणीने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचे तुकडे घेऊन केलेली परीक्षा, हा सारा पुरावा गहू खाण्यात असतानाच मिळतो. शेजारणीच्या सल्ल्याने तो आधीच सोडला तर प्रतिपिंडे ओसरतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि साक्षीदारच फरारी झाल्यावर चौकशी कोणाची करावयाची? वहीम असलेले अन्न आईने लेकीला स्वहस्ते भरवीत राहावे, यासारखी धैर्याची कसोटी मी क्वचितच पाहिली असेल.

ही सबुरी आवश्यक अशासाठी की निकाल लागला म्हणजे शिक्षा आजन्म असते, आणि ती गव्हापेक्षा माणसालाच अधिक भोगावी लागते. पुरणपोळी आणि सत्यनारायणाचा शिरा वर्ज्य होतात; हिंगाच्या डबीतही गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते; गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी निषिद्ध ठरते, म्हणून त्या घरात घरघंटी आली. 'एवढ्याशाने काय होते' म्हणणाऱ्या पंगतीसमोर मुलीला ठाम राहावयाचे तर तिच्या पाठीशी तर्कापेक्षा भक्कम असा लेखी पुरावा हवा.

भाचीचे निदान पक्के झाल्यावर, रक्ताच्या नात्यात ही व्याधी अधिक आढळते म्हणून, डॉक्टरांनी तिच्या आईचीही तपासणी सुचवली. "मला काय धाड भरलीय? अशक्तपणा बायकांच्या जातीला असायचाच," असे ती म्हणाली, आणि या रोगाचा खरा आश्रयदाता कोण, ते मला त्या क्षणी उमगले. गव्हावर संशय घ्यावयास आम्ही शिकलो. परंतु जिने आपल्या थकव्याची तक्रार कधी कोणापुढे मांडलीच नाही, तिच्या दुखण्याची चौकशी आपण होऊन सुरू करणे हे घरातल्या इतरांचे कर्तव्य आहे. तिच्या नावाची चिठ्ठी मी त्याच दिवशी लिहून घेतली.